आधी लिंबू, मग मांडी, मग मित्र

येरवड्यात गुंजन चौकाच्या सिग्नलला दोन मिनिटं थांबा आणि फक्त हात बघा. बाईकच्या हँडलवरचे, रिक्षाच्या दांडीवरचे, बसच्या खिडकीतून बाहेर आलेले. त्रिशूल आणि डमरू, मनगटावर 'आई', पिसातून उडणारे पक्षी, राजमुद्रा, बाबासाहेबांची सही, रोमन आकड्यांत कुणाची तरी जन्मतारीख. टॅटू म्हटलं की एकेकाळी कोरेगाव पार्क किंवा एफसी रोड डोळ्यांसमोर यायचा. आता गाडीतळापासून नागपूर चाळीपर्यंत कुठल्याही गल्लीत तो दिसतो.

मग एवढे टॅटू काढतं कोण?

इथे आपल्या मराठीची जरा गोची होते. 'मी टॅटू काढला' असं कुणी म्हटलं, की सुई त्याच्या हातात होती की दुसऱ्याच्या, तेच कळत नाही. माझ्या आजीच्या बोलण्यात हा गोंधळ नाही. तिने गोंदवून घेतलं आणि गोंदणारीने गोंदलं. दोन वेगळी माणसं, दोन वेगळी क्रियापदं. आजचा लेख दुसऱ्या माणसाबद्दल आहे. म्हणजे ज्याला स्वतःच्या हातावर नाही, तर दुसऱ्याच्या हातावर टॅटू काढायला शिकायचंय त्याच्याबद्दल. अशी मुलं-मुली सध्या प्रत्येक कॉलेजात सापडतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: सुरुवात कशी करू?

बहुतेकांना मिळणारं उत्तरही एकच असतं: किट मागव.

ऑनलाइन 'टॅटू किट' असं सर्च केलं की दोन-चार हजारांपासून डबे दिसायला लागतात. एक मशीन, पॉवर सप्लाय, पायाने दाबायचं पेडल, दहा-वीस सुया, रंगीबेरंगी शाईच्या छोट्या बाटल्या आणि नकली कातडीचा एक तुकडा. लक्ष्मीनगरात राहणाऱ्या माझ्या एका मित्राने फूड डिलिव्हरीच्या कमाईतून असाच डबा मागवला. दहा बाय दहाची खोली, एक ट्यूबलाइट, कॉटवर उशी ठेवून केलेलं टेबल. संध्याकाळी किट आलं आणि रात्री नऊ वाजता खालच्या मजल्यावरचा दोस्त हात पुढे करून बसला होता. छोटंसं बदाम आणि त्यात एक अक्षर, बास. पंधरा मिनिटांचं काम, असं दोघांना वाटलं.

ते बदाम आज बघितलं तर त्याची कड पेनाने ओल्या टिश्यू पेपरवर रेघ मारावी तशी फुटलीय. आजूबाजूला निळसर सावली पसरलीय. अक्षर 'S' आहे की '8', ते विचारावं लागतं. या प्रकाराला टॅटूवाले 'ब्लोआउट' म्हणतात. तो का होतो, हे समजून घेतलं तर हे काम शिकायला वेळ का लागतो तेही समजतं.

कातडीच्या आत काय चालतं

आपली त्वचा म्हणजे ढोबळमानाने तीन मजली चाळ. वरचा मजला एपिडर्मिस. त्याच्या पेशी सतत झडतात आणि साधारण महिन्याभरात नव्या येतात. शाई तिथेच राहिली तर ती पापुद्र्यांबरोबर निघून जाते. मधला मजला डर्मिस. शाई इथे बसायला हवी. खालचा मजला चरबीचा, आणि सुई तिथे घुसली की शाई पसरते. हाच तो ब्लोआउट. सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर आत जायला हवी, आणि तो आकडाही शरीरावर सगळीकडे सारखा नसतो. दंडाची बाहेरची बाजू किंवा पोटरी माफ करते. मनगटाची आतली बाजू, कोपराची खोबण, पाऊल, बरगड्या अजिबात माफ करत नाहीत. आणि नवशिक्याकडे येणारा पहिला मित्र हमखास मनगटच पुढे करतो!

डर्मिसमध्ये शाई कायमची टिकते कशी, याचं उत्तर मला तर जाम भारी वाटलं. शाईचे कण म्हणजे शरीराच्या दृष्टीने घुसखोर. त्यांना गिळायला मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावतात, गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग शाई पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की अशी पेशी मेली की शाई बाहेर पडते आणि शेजारची नवी पेशी तेच कण पुन्हा गिळते. म्हणजे टॅटू हे कागदावर सुकलेलं चित्र नाही. शरीर ते चित्र हातोहात पुढे देत राहतं. दर वेळी थोडं इकडेतिकडे होतंच, त्यामुळे वर्षं जातात तशा रेषा जाड आणि मऊ होतात. जी रेघ आज बारीक दिसते ती दहा वर्षांनी तेवढी बारीक राहणार नाही, हे गृहीत धरूनच डिझाइन करायचं असतं.

याचा अर्थ शिकाऊ माणसाने मशीन घ्यायच्या आधी बरंच काही घ्यायला हवं. आणि ते स्वस्त आहे. पेन्सिल, रबर, कोऱ्या कागदांचा गठ्ठा.

एलिमेंटरीची वही शोधा

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेल्या आठवतात का? निम्म्या वर्गाने त्या ग्रेडच्या मार्कांसाठी दिल्या आणि विसरून टाकल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. आता तीच यादी टॅटू शिकणाऱ्याच्या नजरेने परत वाचा. छाया-प्रकाश वस्तुचित्रात, चौकटीत डिझाइन बसवणं संकल्पचित्रात, कंपास आणि कोन भूमितीत, आणि नाव गोंदायचं असेल तर अक्षरलेखन. सगळा सिलॅबस आपण दहावीच्या आत पाहून झालेला असतो. फक्त तेव्हा कुणी सांगितलं नाही, की याचा असा उपयोग होतो.

एक साधी टेस्ट घ्या. अशोकचक्र काढा, चहाच्या कपाच्या बुडाएवढं, पट्टीशिवाय. २४ आरे, म्हणजे दर १५ अंशांवर एक. पहिल्या वेळी कुठेतरी २३ होतील नाहीतर शेवटचे दोन एकमेकांना चिकटतील. हेच चक्र महिनाभर रोज काढलं की हात बदललेला कळतो. आपल्या भागात याची मागणीही आहे. पुणे करार १९३२ मध्ये याच येरवड्याच्या जेलमध्ये झाला, आणि बाबासाहेबांची सही किंवा निळं चक्र हातावर हवं असणारी पोरं आजही इथल्या प्रत्येक वस्तीत भेटतात. सही काढणं तर आणखी अवघड. सही वेगात केलेली असते, आणि ती सावकाश, मशीनने, तोच वेग दिसेल अशी उतरवायची असते.

देवनागरीचा तर वेगळा पेपर आहे. इंटरनेटवरचे नव्वद टक्के धडे इंग्रजी अक्षरांचे (आकडा मोजलेला नाही, पण तुम्हीही बघा). इंग्रजी 'e' च्या पोटातली पोकळी बुजायला वेळ लागतो. आपल्या 'ई' चा रफारासारखा आकडा, 'क्ष' ची गाठ, 'ष्ट' मधली चिंचोळी जागा फार लवकर भरून येते. राजमुद्रेचं उदाहरण घ्या. अष्टकोनी चौकट, आत अख्खा संस्कृत श्लोक. तो रुपयाच्या नाण्याएवढा मनगटावर हवा असतो, कारण मोठा घरी चालत नाही. काढलेल्या दिवशी फोटो झकास येतो. काही वर्षांनी आत अक्षरं नसतात, काळा अष्टकोन असतो. अशा वेळी 'इथे नाही बसणार, दंडावर तळहाताएवढी काढू, नाहीतर नको' असं सांगता येणं हाही याच कामाचा भाग आहे, आणि तो मशीनबरोबर येत नाही.

शुद्धलेखन तपासा, हे सांगायची गरज नसावी. पण 'आशिर्वाद' असा कायमचा आशीर्वाद घेऊन फिरणारी माणसं आहेत. स्टेन्सिल चिकटवण्याआधी शब्द एकदा उलटा वाचायचा, मग कस्टमरला मोठ्याने वाचायला लावायचा. मेंदी काढणाऱ्या, रांगोळी घालणाऱ्या, नंबरप्लेटवर रेडियमची अक्षरं कापणाऱ्या मुला-मुलींना या सगळ्यात मोठी आघाडी असते. त्यांचा हात आधीच स्थिर झालेला असतो. कला शाखेची डिग्री नाही म्हणून खट्टू होण्यापेक्षा आपल्या हाताला आधीपासून काय येतं ते बघा.

लिंबू, केळं आणि नकली कातडी

मशीन मूळचं अमेरिकन. एडिसनने १८७० च्या दशकात कागदाला भोकं पाडून नकला काढायचं एक विजेचं पेन बनवलं होतं. त्याच कल्पनेवर १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीने टॅटू मशीनचं पेटंट घेतलं. आज दोन जाती दिसतात. कॉइल मशीन जड असते आणि भुंग्यासारखी आवाज करते. रोटरी पेनसारखी, हलकी, जवळजवळ मुकी. नवशिक्याला हल्ली बहुतेक जण रोटरीच सुचवतात, कारण तिचं ट्यूनिंग करत बसावं लागत नाही. सुयांच्या पाकिटावरचे '३ आरएल', '७ आरएल' हे आकडे म्हणजे गोल बांधलेल्या सुयांची संख्या. बाह्यरेषेला या. शेडिंगला मॅग्नम, म्हणजे ब्रशसारखी चपटी रांग. सगळ्यात बारीक सुई सगळ्यात सोपी, असं वाटतं. उलट आहे. तीन सुयांची रेघ हाताची प्रत्येक थरथर दाखवते आणि पटकन खोल जाते.

सरावाला लिंबू, संत्रं, केळं चालतं. लिंबाच्या सालीतून रस बाहेर आला की समजायचं, सुई जास्त आत गेली. केळ्याची साल मऊ, तिच्यावर जोर कमी कसा लावायचा ते कळतं. सिलिकॉनची नकली कातडी त्यानंतर. लांब रेघ मनगटातून न मारता खांद्यापासून मारायची, हात आणि मशीन यांचा वेग जुळवायचा, हे सगळं इथे बसवता येतं. माझ्या मित्राने बदामाच्या प्रकरणानंतर तीन महिने फक्त लिंबं गोंदली. घरात आईची कटकट अशी, की त्या शाईच्या लिंबांचं सरबतही होत नाही. ती फेकायलाच लागतात.

पण लिंबू श्वास घेत नाही. ते दचकत नाही, त्याला घाम येत नाही, रक्त येत नाही, त्याला मध्येच शिंक येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते ताणावं लागत नाही. खऱ्या कातडीवर उजवा हात मशीन चालवतो तेवढंच काम डावा हात करतो. कातडी दोन-तीन बाजूंनी ढोलकीच्या पानासारखी ताणून धरायची. ती सैल राहिली की सुई रेषेऐवजी सुरकुतीत उतरते. म्हणून लिंबानंतरचा टप्पा मित्र नाही, तर स्वतःची मांडी. तिथे जागा भरपूर, ताण देता येतो, दिसायची भीती नाही. आणि चुकीची खोली म्हणजे काय, हे स्वतःला दुखल्याशिवाय नीट कळत नाही. मांडीवर काढायचं तेही पुढच्या भागात सांगितलेल्या सगळ्या गोष्टी हाताशी आल्यावरच.

आणखी एक गोष्ट, जी व्हिडिओंमध्ये क्वचितच येते. व्हिडिओतली कातडी बहुतेक वेळा गोरी असते. आपली गव्हाळ, सावळी, काळी. शाई त्वचेच्या रंगाच्या खाली बसते, त्यामुळे वरचा रंग काचेसारखा तिच्यावर राहतो. पिवळा, फिकट गुलाबी, पांढरा हे रंग बाटलीत दिसतात तसे दिसत नाहीत. नवशिक्याला वाटतं शाई नीट बसली नाही, आणि तो त्याच जागी चौथ्यांदा, पाचव्यांदा सुई फिरवतो. गोऱ्या कातडीवर जखम झाली की लाल दिसते आणि हात थांबतो. सावळ्या कातडीवर ती लाली पटकन दिसत नाही, म्हणून बोटाने सूज आणि चटचट जाणून घ्यावी लागते. शिवाय सावळ्या त्वचेत केलॉइड, म्हणजे जखमेवर उंच गाठीसारखा व्रण, होण्याचं प्रमाण जास्त असतं. समोरच्याला आधी विचारायचं: कान टोचल्यावर गाठ आली होती का? आली असेल तर काम घ्यायचं नाही. रंगीत टॅटूपेक्षा काळ्या शाईतलं, मोकळी जागा सोडलेलं डिझाइन आपल्या त्वचेवर जास्त खुलतं. आपल्याकडचं जुनं गोंदण बघितलं तर हे आधीच्या बायकांना पक्कं माहीत होतं असं दिसतं. ठिपके, छोट्या रेघा, तुळस, विंचू. कुठेही बारीकसारीक गर्दी नाही. माझ्या आजीच्या हातावरची तुळस साठ वर्षांनंतरही तुळसच दिसते.

ऑटोक्लेव्हवाला धडा

तरी आजीच्या काळातली सगळीच गोष्ट गोड नव्हती. जत्रेत गोंदवायला बायका रांगेने बसायच्या आणि त्याच सुया पुढच्या हातावर जायच्या. पुढे बॅटरीवर चालणारं मशीन आलं तरी अनेक ठिकाणी सुई तीच राहिली. आजही जत्रेत हे दृश्य दिसतं. खोलीत किट उघडून बसलेला मुलगा त्याच जत्रेतल्या माणसाच्या जागी बसलेला असतो, फक्त त्याच्याकडे रिंग लाइट असतो.

हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात, किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणजे टेबलावर, मशीनच्या वायरवर, शाईच्या बाटलीच्या झाकणावर. हिपॅटायटिस सी ला तर लसच नाही. बी ला आहे: तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. आपल्याकडे लहान मुलांच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर यायला २०११ उजाडलं, त्यामुळे आज विशीत असलेल्यांपैकी अनेकांना ती मिळालेली नसते. टॅटू शिकायचं ठरवलं की पहिली खरेदी मशीनची नाही, ही लस घ्या. घरच्यांना विचारा, जुनं कार्ड शोधा, डॉक्टरांना भेटा.

बाकी नियम पाठ करण्यासारखे आहेत, पण त्यामागचं कारण कळलं की पाठ करावे लागत नाहीत. सुई एकदाच, एकाच माणसाला, मग जाड प्लॅस्टिकच्या डब्यात, घरच्या कचऱ्यात नाही. विचार करा, गल्लीत कचरा उचलायला येणाऱ्या ताईंच्या हाताला ती टोचेल. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणात ओतायची आणि उरलेली टाकायची, परत बाटलीत नाही. मशीन, वायर, लाइटचं बटण, स्प्रेची बाटली, हातमोजा घालून जे जे शिवणार त्यावर प्लॅस्टिकचं आवरण. मोजे घातलेल्या हाताने फोन उचलला की मोजे बदलायचे. (सगळ्यात जास्त हाच नियम मोडला जातो, कारण मध्येच रील काढायची असते.)

धातूची जी नळी किंवा ग्रिप परत वापरायची ती ऑटोक्लेव्हमध्ये: १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, पंधरा-वीस मिनिटं. बायो किंवा मायक्रोबायोलॉजीवाल्यांनी हे प्रॅक्टिकलला केलेलं असतं. गरम पाण्यात उकळणं, डेटॉलमध्ये बुडवणं किंवा निळा दिवा लावलेल्या डब्यात ठेवणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. एवढा खर्च नको असेल तर सगळंच एकदा वापरून फेकायचं घ्या.

शाई पातळ करायला नळाचं पाणी नको, हे बहुतेकांना माहीत असतं. 'डिस्टिल्ड वॉटर' चालेल, असं मात्र सर्रास समजलं जातं. २०११-१२ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर भागात टॅटू काढलेल्या १९ जणांना एकाच प्रकारच्या जिवाणूचा त्वचारोग झाला. शोध घेतल्यावर तो तयार करड्या शाईपर्यंत पोचला. ती शाई डिस्टिल्ड पाण्यात पातळ केलेली होती. डिस्टिल्ड म्हणजे क्षार काढलेलं पाणी, जंतू मारलेलं नव्हे. हवं असतं 'स्टराइल' पाणी. स्टुडिओ स्वच्छ असूनही असं होऊ शकतं, हा त्यातला धसका.

शाईच्या बाबतीत जगभर अजून खल चालू आहे. युरोपियन युनियनने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं घातली. आपल्या शेजारी कर्नाटकात आरोग्य खात्याने शाईचे नमुने तपासले, त्यात २२ प्रकारचे धातू सापडल्याचं २०२५ मध्ये सांगितलं आणि शाईसाठी मानकं ठरवायचा विषय केंद्राकडे न्यायचं ठरवलं. टॅटू स्टुडिओला लायसन्स देणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. म्हणजे उद्या तुम्ही बोर्ड लावलात तर तुम्हाला किती येतं हे तपासायला कुणी येणार नाही. ऐकायला ही सोय वाटते. पण याचाच अर्थ असा, की समोर बसलेल्या माणसाला तुमच्याशिवाय दुसरं कुणीच सांभाळणार नाही.

क्लास की स्टुडिओ

सात दिवसांत आर्टिस्ट, पंधरा दिवसांत सर्टिफिकेट, अशा जाहिराती सगळ्यांनी बघितल्यात. फी काही हजारांपासून लाखाच्या पुढेही जाते. सर्टिफिकेटला कायद्याने काही वजन नसताना सर्टिफिकेटसाठी पैसे भरणं मला तरी पटत नाही. क्लास वाईटच असतो असं नाही. विचारायचे प्रश्न वेगळे. किती जणांच्या कातडीवर, कुणाच्या देखरेखीखाली काम करायला मिळेल? एका बॅचला किती मुलं? स्वच्छतेला किती दिवस? आणि शिकवणाऱ्याचं भरून आलेलं, म्हणजे दोन-तीन वर्षं जुनं काम बघायला मिळेल का? या शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली की उठायचं.

दुसरा रस्ता अप्रेंटिसशिपचा. चालू स्टुडिओत शिकाऊ म्हणून शिरायचं. झाडलोट, टेबल पुसणं, स्टेन्सिल कापणं, कस्टमरला पाणी देणं, अपॉइंटमेंट लिहिणं आणि तासन्‌तास नुसतं बघणं. पगार बहुतेक वेळा नसतो, आणि ही या क्षेत्रातली खरी अडचण आहे. ज्याच्या घरी महिन्याला पैसे द्यायलाच लागतात त्याने वर्षभर फुकट झाडू कसा मारायचा? मी ज्यांच्याशी बोलले त्यांनी यातून आपापली वाट काढलीय. सकाळी कॉलेज, दुपारी स्टुडिओ, रात्री डिलिव्हरी. एका मैत्रिणीने लग्नसराईत मेंदीच्या ऑर्डर घेतल्या आणि उरलेले महिने स्टुडिओला दिले. आता येरवड्याहून मेट्रोने थेट डेक्कनला जाता येतं, तेवढा तरी प्रवास सुटसुटीत झालाय. स्टुडिओत विचारायला जाताना फोनमधले मशीनवर्कचे फोटो नका दाखवू. चित्रांची वही घेऊन जा. जाणकाराला वहीची दहा पानं उलटली की समजतं.

गोंदणाऱ्या घराण्यांमध्ये हीच पद्धत आईकडून लेकीकडे चालत आली. मध्य प्रदेशातल्या दिंडोरी भागात बैगा बायकांच्या अंगावरची नक्षी बादी समाजाच्या बायका गोंदतात. मंगलाबाई मरावी ते आपल्या आईकडून, शांतीबाईंकडून शिकल्या, आणि आता तीच नक्षी कॅनव्हासवरही काढतात. मणिपूरचे मोरांगम खालिंग, ज्यांना सगळे मो नागा म्हणून ओळखतात, हैदराबादच्या निफ्टमध्ये शिकलेले. त्यांनी ईशान्येतल्या नागा जमातींचं विसरत चाललेलं गोंदण गावोगाव जाऊन, म्हाताऱ्या माणसांच्या अंगावरून समजून घेतलं आणि आजच्या टॅटूत आणलं. आपल्याकडे आजीच्या पिढीच्या हातांवरचं गोंदण असं पद्धतशीर कुणीतरी कागदावर उतरवायला हवं. शिकाऊ माणसाला यापेक्षा चांगला गृहपाठ नाही, आणि आज्या बसल्या जागी तासभर हात देतात. फक्त विंचवाच्या नांगीला किती ठिपके, यावरून दोन आज्यांची भांडणं लागतात.

नाही म्हणायची यादी

पहिला खरा हात समोर येण्याआधी कुणाला नाही म्हणायचं ते ठरवून ठेवा. १८ वर्षांखालच्यांना नाही, आई-बाबा चालेल म्हणाले तरी नाही. प्यायलेल्याला नाही. तीन आठवड्यांच्या रिलेशनशिपच्या नावाला... तुमचं तुम्ही बघा, पण निदान एक महिना थांबायला सांगा.

आपल्या भागातून आर्मी, सीआरपीएफ, पोलीस भरतीची तयारी करणारे खूप आहेत. त्यांना आवर्जून विचारा. सैन्यात कायमचा टॅटू फक्त कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सवलत असते. केंद्रीय दलांमध्ये नाव किंवा धार्मिक चिन्ह चालतं, पण सॅल्यूट न करणाऱ्या, म्हणजे डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, आणि त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान. ज्याची ग्राउंडची तयारी चालू आहे त्याच्या मानेवर त्रिशूल काढून देऊन तुम्ही त्याचं वर्ष घालवू शकता. भरतीची जाहिरात त्यालाच उघडून वाचायला लावा. नियमित रक्तदान करणाऱ्यालाही सांगा, टॅटूनंतर वर्षभर रक्त देता येत नाही.

माझा लक्ष्मीनगरचा मित्र सध्या एका स्टुडिओत शिकाऊ आहे. सहा महिने झाले, अजून त्याला कस्टमरच्या कातडीला मशीन लावू दिलेलं नाही. स्टेन्सिल मात्र आता तोच काढतो आणि तोच चिकटवतो. मांडीवर त्याची चार डिझाइन्स झालीत. दोन बरी, एक ठीक, एक त्याला दाखवायची नाहीये. बदामवाल्या दोस्ताला त्याने सांगून ठेवलंय, की कव्हर-अप मीच करणार, पण स्टुडिओच्या दादांनी हो म्हटल्यावर. तोवर दर महिन्याला तो त्या हाताचा त्याच ट्यूबलाइटखाली फोटो काढतो. कड किती सरकली, निळी सावली किती वाढली, हे तारखेसकट वहीत लिहून ठेवतो. स्टुडिओच्या दादांनी ती वही मागून घेतली आणि नव्या शिकाऊ मुलीला पहिल्या दिवशी वाचायला दिली.